सीआरपी पास झाला तो शनिवार

जरा असं समजा, मुलांनो. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. चार दिवस अंगात ताप आहे, डोळ्यांच्या मागे ठणकतंय, आणि खालच्या मजल्यावर तुमचे वडील चाळीस मुलांसमोर फळ्यावर तुमच्या रक्तातला एक आकडा लिहून त्याच्याभोवती लाल गोल काढताहेत. समजलात? आता पलंगावर आडवे व्हा, चादर हनुवटीपर्यंत ओढा आणि ऐका. खालून आवाज येतोय.

"अडतीस!" खरमाटे सर म्हणत होते. "नॉर्मल किती? सहाच्या आत. आपल्या कार्तिकीचा किती? अडतीस. म्हणजे किती पट? लवकर!"

"सहा पूर्णांक एक तृतीयांश, सर!"

"शाब्बास. आज पुन्हा तपासणी आहे. आज आपण हा आकडा खाली आणणार. काय करणार?"

"खाली आणणार!" चाळीस मुलं ओरडली. पलंगावरच्या पोरीनं कानांवर उशी दाबली असेल, असा माझा अंदाज.

मी तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होतो, हातात रक्त घ्यायची पेटी. बारा वर्षं झाली या गोष्टीला. शिरसाळ्यात माझी रक्त तपासायची छोटी लॅब होती आणि गाव मला कोष्टीकाका म्हणायचं. खरमाटे सरांचे क्लास माझ्या लॅबपासून शंभर पावलांवर. खाली क्लास, वर घर. सर माणूस वाईट नव्हता, पण त्यांना जगात दोनच गोष्टी दिसायच्या, पास आणि नापास. कुणाला बाळ झालं तर सर आधी वजन विचारायचे आणि गेल्या वर्षीच्या बाळांपेक्षा ते किती जास्त आहे ते तिथल्या तिथे सांगायचे. क्लासच्या भिंतीवर गुणवंतांच्या फोटोंची मोठी फ्रेम होती आणि तिच्या शेजारी सरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं वाक्य होतं: 'प्रश्नपत्रिका उलटून पाहा. मागेही प्रश्न असतात.'

बुधवारी मी पहिलं रक्त घेतलं होतं. डॉ. होनमाने मॅडमनी चिठ्ठी दिली होती, तिच्यावर 'सीबीसी, सीआरपी. सीबीसी रोज' असं लिहिलेलं. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजदाद, लाल किती, पांढऱ्या किती, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट किती. आणि सीआरपी हा यकृतात तयार होणारा एक पदार्थ. अंगात कुठे सूज किंवा संसर्ग झाला की तो वाढतो.

संध्याकाळी रिपोर्ट द्यायला गेलो तेव्हा सरांनी कागद हातात घेतला आणि उत्तरपत्रिका तपासायला बसावं तसे चष्मा लावून बसले.

"हे काय, अडतीस? ठळक अक्षरांत?"

"मर्यादेच्या बाहेर गेलं की यंत्र ठळक छापतं, सर. मॅडम म्हणाल्या, व्हायरल ताप दिसतोय. त्यातही सीआरपी थोडा वाढतो. एवढ्या एका आकड्यावर जायचं नसतं म्हणाल्या."

"एका आकड्यावर जायचं नसतं?" सर हसले. "मॅडमना सांगा, सगळा महाराष्ट्र एका आकड्यावर जातो. बरं, सीबीसीत काय?"

"मर्यादेत आहे. पांढऱ्या पेशी जरा खालच्या अंगाला आहेत. प्लेटलेट एक लाख बासष्ट हजार. दीड लाखाच्या खाली गेल्या तर कमी धरतात."

"म्हणजे पास."

"पास म्हणजे... हो, मर्यादेत."

"पास!" सरांनी शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं. "मग मला सांगा कोष्टी, पास झालेल्या विषयाची परीक्षा पुन्हा कोण देतं? पोरीचं उगाच जास्त रक्त काढायचं. राहिलेला विषय तेवढा घ्या." आणि त्यांनी मॅडमच्या चिठ्ठीवरच्या 'सीबीसी रोज' वर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं: 'फक्त सीआरपी.' खाली सही केली. मग चिठ्ठी माझ्या हातात दिली.

मी चिठ्ठीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. माझा धाकटा तेव्हा दहावीत होता. खरमाट्यांच्या 'अ' तुकडीत, दुसऱ्या बाकावर. 'अ' मधून 'क' मध्ये मुलं कशी जातात ते गावाला ठाऊक होतं. मी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तर आता शुक्रवार. मी जिना चढून वर गेलो. कार्तिकी पलंगावर बसून होती. गालांवर ताप चढलेला, पण डोळे चौकस. शेजारी तिची आई, रेवतीवहिनी, ओलं फडकं पिळत होत्या.

"काका," कार्तिकी म्हणाली, "हा सीआरपी आहे तरी कोण? रोज त्याचीच चौकशी चाललीय. मला कुणी विचारतच नाही."

"हात दे इकडे, म्हणजे सांगतो. तुमच्या गल्लीतला तो वकील माहीत आहे ना?"

ती हसली. वकील म्हणजे त्या गल्लीतला तपकिरी कुत्रा. येणाऱ्याजाणाऱ्याशी वाद घालायचा, म्हणून पोरांनी त्याला हे नाव दिलेलं.

"वकील भुंकला की काय कळतं?"

"कुणीतरी आलंय."

"कोण आलंय ते कळतं?"

ती विचारात पडली. तेवढ्यात मी सुई आत घातली. "नाही. चोर आला तरी भुंकतो, पोस्टमन आला तरी भुंकतो. आमचे आबा आले तरी भुंकतो."

"बास. सीआरपी म्हणजे तुझ्या रक्तातला वकील. मोठा दरोडा पडला, म्हणजे बॅक्टेरिया घुसले, की फार मोठ्यानं भुंकतो. व्हायरस आला की बहुतेक वेळा कमी भुंकतो. पण भुंकणं ऐकून चोराचं नाव नाही सांगता येत."

मी नळी भरली, कापूस दाबून धरायला सांगितला. कार्तिकीनं कापूस उचलून बघितला, पुन्हा दाबला. मग म्हणाली, "पण काका, दूधवाल्या अण्णांवर वकील भुंकत नाही. ते त्याला बिस्किटं घालतात. समजा, चोरानं चार दिवस बिस्किटं घातली. मग चोर घरात असला तरी वकील गप्पच ना?"

"हुशार आहेस," मी म्हणालो आणि पेटी बंद केली. मोठ्या माणसांना उत्तर द्यायचं नसलं की ती असंच म्हणतात. तुम्हीही ऐकलं असेल.

त्या दिवशी सीआरपी चौदा आला. खाली फळ्यावर अडतीसवरून चौदावर बाण उतरला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर मला म्हणाले, "बघितलंत? मेहनत!" मेहनत नेमकी कुणाची, ते मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी ताप गेलेला होता. कार्तिकीचं कपाळ थंड. सरांचा आनंद जिन्यात मावत नव्हता. "शेवटचा पेपर, कोष्टी! घ्या." पोरगी मात्र कालच्यासारखी बोलली नाही. हात पुढे केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी म्हटलं, थकली असेल. रक्त घेताना माझ्या हातानं सवयीप्रमाणे दोन नळ्या भरल्या. एक सीआरपीची लाल टोपणाची, दुसरी सीबीसीची जांभळ्या टोपणाची. तीस वर्षांची सवय. लॅबमध्ये आल्यावर लाल नळी यंत्रात गेली. जांभळी मी स्टँडवर उभी करून ठेवली. तपासायला कुणी सांगितलं नव्हतं ना!

अकरा वाजता सरांचा फोन. "निकाल?"

"पाच पूर्णांक सहा."

"सहाच्या आत! काठावर का होईना, पास! कोष्टी, रिपोर्टच्या दोन प्रती आणा. एक लॅमिनेट करून."

मी लॅमिनेट करून आणली. हसू नका. दुकानात दहा मिनिटं रांगेत उभं राहून आणली.

एक वाजता पोहोचलो तेव्हा क्लास भरलेला होता. फळ्याजवळ प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत कार्तिकी. तिला नवा फ्रॉक घातलेला, मांडीवर झेंडूचा गुच्छ. फळ्यावर तीन आकडे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'उत्तीर्ण'. पेढ्यांचा बॉक्स बाकांवरून फिरत होता. रेवतीवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचं तोंड उतरलेलं.

"अहो, ती पोट दुखतंय म्हणते," त्या सरांना म्हणाल्या. "सकाळी पेढा दिला तर उलटून पडला."

"पाच दिवस पोटात काही नाही. दुखणारच. आलात कोष्टी? द्या तिच्या हातात तो रिपोर्ट. कार्तिकी, इकडे बघ. हस जरा. फोटो काढायचाय."

मी लॅमिनेट केलेला कागद तिच्या हातात दिला. तिच्या बोटांतून तो सुटला आणि खाली पडला. उचलायला वाकलो तर माझ्या हाताचा पालथा भाग तिच्या पावलाला लागला.

ऑक्टोबरची दुपार होती. क्लासमधले पंखे गरम वारा ढवळत होते, मुलांच्या शर्टांच्या पाठी भिजल्या होत्या. आणि त्या पोरीचं पाऊल फ्रिजमधून काढलेल्या नळीसारखं गार होतं. मी दुसरं पाऊल धरलं. तेही तसंच. तळवे ओलसर.

"कार्तिकी, कसं वाटतंय?"

तिनं डोळे जेमतेम उघडले. "पोट दुखतंय. काका... वकील भुंकायचा थांबला, म्हणजे चोर गेला, असंच ना?"

मी वहिनींकडे वळलो. "लघवीला कधी गेली होती?"

"काल रात्री. सकाळपासून नाही."

"कोष्टी!" सरांनी मोबाइल खाली घेतला. "रिपोर्ट तुम्हीच केलात आणि तुम्हीच शंका काढताय? तुम्ही तपासनीस आहात, डॉक्टर नाही. बाजूला व्हा, फोटोत येताय."

"सर, तिला आडवी करा. मी आलो."

त्या वयात मी पळत नव्हतो, पण त्या दिवशी पळालो. जांभळ्या टोपणाची नळी स्टँडवर तशीच उभी होती, मी ठेवली तशी. हलवून यंत्रात घातली. एक मिनिट लागतं. त्या मिनिटात मी खिशातून मॅडमची चिठ्ठी काढली. सरांची लाल रेघ. सरांची सही. मग का कोण जाणे, मी ती उलटी केली.

मागे मॅडमच्या बारीक अक्षरात चार ओळी होत्या.

यंत्रानं कागद बाहेर टाकला. प्लेटलेट एकोणतीस हजार. बुधवारी रक्तात लाल पेशींचा भाग छत्तीस टक्के होता, आता अठ्ठेचाळीस. पेशी वाढल्या नव्हत्या. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून बाहेर चाललं होतं आणि मागे उरलेलं रक्त घट्ट होत होतं. मी पुन्हा तपासलं. तेच. आणि ही नळी सकाळी आठची होती.

मॅडमना फोन केला. आकडे ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "डेंग्यू असणार. कुठे आहे ती? तिथेच आडवी ठेवा. मी निघालेच. गाडी तयार ठेवायला सांगा."

सात-आठ मिनिटांत त्या स्कूटरवरून आल्या. तोवर कार्तिकीला पुढच्या बाकावर झोपवलेलं होतं. मॅडमनी नाडी बघितली, नख दाबून बघितलं, पोटावर हात ठेवला. रक्तदाब घेताना त्यांचा चेहरा मी बघत होतो. त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बॅगेतून सलाइनची बाटली काढली आणि भिंतीकडे बघितलं. "ती फ्रेम खाली घ्या. खिळा हवाय."

गुणवंतांची फ्रेम माझ्या मुलानं उतरवली. त्या खिळ्यावर बाटली चढली. शीर सापडत नव्हती. मॅडम हातावर वाकून शोधत होत्या, आणि वर न बघताच म्हणाल्या, "सर, माझी चिठ्ठी वाचलीत?"

"वाचली ना. म्हणजे... सीआरपी तर आम्ही तीनदा..."

"मागची बाजू?"

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"मोठ्यानं वाचा," मॅडम म्हणाल्या. "मुलांनाही ऐकू दे, त्यांच्याही घरी ताप येतो."

सरांनी चष्मा लावला. त्यांच्या पाठीमागे, बाटलीच्या शेजारी, त्यांचंच रंगवलेलं वाक्य होतं. चाळीस मुलं एकदा सरांकडे बघत होती, एकदा त्या वाक्याकडे.

"'ताप उतरला की जास्त जपा,'" सर वाचू लागले. "'धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत असतो. पोटात दुखणं, उलट्या, हातपाय गार, लघवी कमी. यातलं काहीही दिसलं तर... तर रिपोर्टची वाट न बघता...'"

पुढचं त्यांना वाचवेना.

"'...लगेच घेऊन या,'" रेवतीवहिनींनी पुरं केलं. त्यांनी चिठ्ठी बघितलीही नव्हती.

शीर सापडली. सलाइन सुरू झालं. मॅडम सरळ झाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "सीबीसी रोज लिहिलं होतं मी. ही रेघ कुणाची?"

सर काही बोलायच्या आत मी म्हणालो, "रेघ सरांची. पण चिठ्ठी तीन दिवस माझ्या खिशात होती."

"मग?"

माझा मुलगा फ्रेम दोन्ही हातांत धरून उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. मॅडमना उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. गाडी दारात आली होती. सलाइनची बाटली उंच धरून सर स्वतः मागच्या सीटवर बसले. जिल्ह्याच्या गावापर्यंत सव्वा तास. सव्वा तास त्यांनी हात खाली घेतला नाही, असं वहिनी नंतर सांगायच्या.

दोन दिवस पोरगी कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येत नव्हतं. त्या दोन दिवसांत क्लासचं दार बंद होतं, पण खिडकीतून फळा दिसायचा. तीन आकडे, बाण, 'उत्तीर्ण'. वकील दारापुढच्या पायरीवर झोपून असायचा. मी लॅब उघडताना आणि बंद करताना तिकडे बघायचो. मग त्या वाटेनं जायचं टाळू लागलो.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "लघवी केली तिनं. भरपूर!" आणि त्या रडायला लागल्या. तीस वर्षांत इतका चांगला रिपोर्ट मी ऐकला नव्हता.

कार्तिकी घरी आली, दिवाळीत फटाके उडवायला गल्लीत दिसू लागली. गुणवंतांची फ्रेम पुन्हा खिळ्यावर चढली. आणि माणसं किती शिकतात ते बघायचं असेल तर ऐका. डिसेंबरात एका सकाळी मला सरांचा फोन. "कोष्टी, अंगात कणकण आहे. क्लासमध्येच या. सीआरपी करून टाकू."

गेलो. सर खुर्चीत, गळ्याला मफलर, समोर चाळीस मुलं. "आधी मॅडमना दाखवलंत का?" मी विचारलं. आता विचारत असे, सगळ्यांना. 'क' तुकडीची भीती गेली होती, कारण माझ्या मुलानं त्या शनिवारनंतर स्वतःच तो क्लास सोडला होता.

"दाखवू हो. आधी आकडा तर कळू दे."

तेवढ्यात कार्तिकी शाळेचा गणवेश घालून जिना उतरून आली. दप्तर खाली ठेवलं, वडिलांच्या खुर्चीपुढे आली आणि खाली वाकून तिनं त्यांच्या दोन्ही पावलांना हात लावले. सर गहिवरले. आज परीक्षा असेल पोरीची, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "यशस्वी हो, बाळा. ऊठ आता."

ती उठली नाही. एक पाऊल दाबून बघितलं, मग दुसरं.

"गरम आहेत," ती म्हणाली. मग मान वर करून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "बाबा, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीचं झाकण लावत होतो.

कार्तिकी उभी राहिली, फळ्याजवळ गेली, फळ्यावर लिहायचं लाल पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, आणि आकड्याची वाट बघत थांबली.